रिव्हर्स उशिरा लागतो, तिसरा गिअर निसटतो: गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी, सव्वा लाख किलोमीटर झालेली, गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. थंड असताना सगळं ठीक. अर्धा-पाऊण तास चालली की रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग दणका बसतो. डी मात्र वेळेवर लागतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम नुसताच चढतो, गाडी ओढत नाही. शिवाय साठ-सत्तरच्या वेगाला ॲक्सिलरेटर हलका ठेवला की बारीक थरथर जाणवते. इंजिनची लाइट लागली, स्कॅनरवर पी०७०० आला आणि गॅरेजने सांगून टाकलं की गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल.

ओव्हरहॉल लागेलही, पण पी०७०० पाहून ते ठरत नाही. तो कोड गिअरबॉक्सचा दोष सांगतच नाही. गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनच्या कंट्रोलरला एवढंच कळवतो की माझ्याकडे काहीतरी नोंदलंय, लाइट लाव. नोंद काय आहे हे बघायला गिअरबॉक्सच्या मॉड्यूलपर्यंत पोचणारा स्कॅनर हवा. इंजिनपुरता साधा कोड रीडर चालत नाही. तिथे पी०७३३ (तिसऱ्या गिअरचा रेशो, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांचं प्रमाण, जुळत नाही), पी०७३६ (रिव्हर्सचा रेशो जुळत नाही) किंवा पी०७४१ (टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग; त्यातला दोघांना थेट जोडणारा लॉकअप क्लच नीट धरत नाही) यांपैकी काही सापडण्याची शक्यता मोठी आहे. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेला क्षणाचा डेटा लिहून ठेवा. त्यातही ऑइलचं तापमान आणि त्या वेळी कोणता गिअर मागितला होता, हे दोन आकडे महत्त्वाचे. पुष्कळदा लोक आधी कोड पुसतात आणि मग निदान कसं करायचं म्हणून विचारतात.

पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल आहे. सीव्हीटी, डबल क्लच आणि एएमटी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आतली रचना वेगळी असते, त्यांना हे तर्क लावू नका.

आता लक्षणांकडे एकत्र बघू. या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दाते सतत एकमेकांत गुंतलेलेच असतात. कोणता गिअर लागणार हे आतले कोणते दोन क्लच किंवा ब्रेक (ऑइलच्या दाबाने आवळले जाणारे, पायातला ब्रेक नव्हे) दाबले जातात त्यावर ठरतं. बऱ्याच सहा-गिअरी गिअरबॉक्समध्ये तीन क्लच आणि दोन ब्रेक अशी मांडणी असते. सी१ हा पहिल्या ते चौथ्या गिअरमध्ये धरलेला असतो, सी२ चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यात. सी३ तिसऱ्यात, पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये. बी१ दुसऱ्यात आणि सहाव्यात. बी२ रिव्हर्समध्ये आणि पहिल्यात इंजिन ब्रेकिंग लागतं तेव्हा. नावं कंपनीगणिक बदलतात. सी३ला काही ठिकाणी सरळ ३-५-रिव्हर्स क्लच म्हणतात. आपल्या गाडीचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. तो छापून समोर ठेवल्याशिवाय निदानाला बसू नये.

डी लावताना पहिला क्लच लागतो तो सी१. तुमच्याकडे डी वेळेवर लागतो, म्हणजे सी१ बरा आहे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बी१ सुटतो आणि सी३ धरतो. तिथे आरपीएम उडतोय, म्हणजे बी१ सुटला पण सी३ अजून धरत नाही. रिव्हर्सलाही सी३ लागतो आणि तिथेही उशीर होतोय. दोन तक्रारींचं बोट एकाच क्लचकडे आहे. पडताळणी सोपी आहे: गाडी गरम झाल्यावर चौथ्यावरून पाचव्यावर जाताना लक्ष द्या. तिथेही सी३ नव्याने धरावा लागतो. तिथे आरपीएम उडाला आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर मात्र गिअर स्वच्छ पडला, तर संशय जवळजवळ पक्का झाला.

पण सी३ला तेल कमी पोचतंय एवढंच यावरून कळतं. का कमी पोचतंय ते वेगळं शोधावं लागतं: क्लचच्या पिस्टनचं सील गेलेलं असेल, त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) अडकत असेल, व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हांच्या ठोकळ्यात) व्हॉल्व्हचं भोक झिजून दाब निसटत असेल, किंवा मुळात ऑइलच कमी असेल. यातली शेवटची तीन कारणं गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतात. सगळी मेहनत हा फरक ओळखण्यासाठी आहे.

गरम झाल्यावरच त्रास का? गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून, कडक झालेल्या सीलच्या कडेने लवकर निसटतं. थंड घट्ट ऑइल तोच दोष झाकून ठेवतं. काही गाड्यांत उलट घडतं, सकाळी पहिला गिअर उशिरा लागतो आणि तापल्यावर सुधारतो. तिथे सील रबर कडक झाल्यामुळे थंडीत ताठ राहतं आणि ऊब मिळाली की बसतं. तुमची गोष्ट पहिल्या प्रकारातली.

सुरुवात ऑइलच्या पातळीपासून करा. हल्लीच्या बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते, बाजूला किंवा खाली लेव्हल प्लग असतो. पातळी तापमान बघूनच मोजायची. पुष्कळ गिअरबॉक्सना ३५ ते ४५ अंशांची मर्यादा दिलेली असते. ऑइल तापल्यावर फुगतं. सात लिटर ऑइल चाळीसऐवजी नव्वद अंशांवर मोजलं, तर पाव लिटरहून जास्त फरक पडतो. अंदाजाने भरलेला गिअरबॉक्स म्हणूनच एक तर उपाशी राहतो, नाहीतर ओसंडतो. दोन्हीत ऑइलला फेस येतो, फेस दाबला जातो आणि क्लच घसरतात. लक्षणं सारखीच, म्हणून कमी आहे की जास्त हे मोजल्याशिवाय कळत नाही.

गाडी चारही स्टँडवर समपातळीत घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. आधी भरायचा प्लग सैल करून बघा. तो जाम असेल आणि ऑइल काढून झालं असेल, तर गाडी तिथेच अडकते. ऑइल तीस अंशांखाली असताना इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबत लिव्हर पार्कपासून शेवटपर्यंत नेऊन परत आणा. यामुळे सगळ्या वाटा भरतात. इंजिन चालूच ठेवा. स्कॅनरवर चाळीस अंश दिसले की लेव्हल प्लग काढा. सुरुवातीला धार येईल, ती बारीक होत थेंबांवर आली की प्लग लावा. काहीच आलं नाही तर वरून थोडं थोडं भरा, थेंब पडेपर्यंत. तापमान मर्यादेच्या वर गेलं तर घाई न करता थंड होऊ द्या. काही गिअरबॉक्समध्ये एकाच भोकात ड्रेन प्लग आणि आत उभी नळी असते. पातळी बघताना नळी जागेवरच राहिली पाहिजे. ती काढली तर सगळं ऑइल बाहेर येईल आणि 'ऑइल जास्त होतं' असा गैरसमज होईल.

काढलेलं थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर टाका. तपकिरी पण स्वच्छ असेल तर वय झालंय एवढंच. काळं आणि जळका वास असेल तर क्लचचं अस्तर भाजलंय. फेसाळ गुलाबी, दुधासारखं दिसत असेल तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट शिरलंय. मग बाकी चर्चा थांबवा, कारण क्लचप्लेटचं अस्तर कागदी तंतूंचं असतं आणि पाणी व ग्लायकॉल मिळून त्याचा गोंद सोडवतात. तिथे ओव्हरहॉल आणि नवा कूलर, दोन्ही लागतात.

आता रस्त्यावर. गाडी गरम करून, स्कॅनरवर चार आकडे लावा: इंजिनचा आरपीएम, टर्बाइनचा (म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुटचा) आरपीएम, आउटपुटचा आरपीएम आणि ऑइलचं तापमान. रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि चालवायला दुसरा माणूस घ्या. समजा दुसऱ्या गिअरचा रेशो २.३७ आणि तिसऱ्याचा १.५६ आहे. गिअर बदलताना आउटपुट ९०० आरपीएमवर असेल, तर दुसऱ्यात टर्बाइन ९०० × २.३७ म्हणजे साधारण २१३० वर हवा, तिसऱ्यात ९०० × १.५६ म्हणजे १४०० च्या आसपास. चांगल्या गिअरबॉक्समध्ये टर्बाइनची रेषा २१३० वरून सेकंदाच्या आत सरळ उतारासारखी १४०० ला येते. सी३ उशीर करत असेल तर ती आधी २४०० किंवा २५०० पर्यंत वर जाते, क्षणभर लटकते आणि मग खाली कोसळते. तो कोसळण्याचा क्षण म्हणजेच बसणारा झटका. तिसऱ्यात स्थिर वेग धरल्यावरही भागाकार १.५६ येत नसेल, तर क्लच गिअर बदलतानाच नव्हे, धरल्यावरही घसरतोय. हे जास्त गंभीर आहे. अशा अवस्थेत गाडी चालवत राहिलात तर उरलेलं अस्तर बघता बघता जळून जाईल. टोइंग करायची असेल तर इंजिनच्या ताकदीने फिरणारी चाकं जमिनीवरून उचलून, नाहीतर गाडी पूर्ण चढवून. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम कुठे अडतो ते बघणं, या गाडीवर करू नका. सी३ घसरत असल्याचं आपल्याला आधीच कळलंय. रिव्हर्समध्ये ही टेस्ट केली तर पाच सेकंदांत उरलीसुरली प्लेट भाजेल. त्याऐवजी न्यूट्रलमधून रिव्हर्सला लागणारा वेळ घड्याळाने मोजा: आयडलवर, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही दाबून, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबत तीनदा. साधारणपणे डी सव्वा सेकंदाच्या आत आणि रिव्हर्स दीड सेकंदाच्या आत लागायला हवा. तीस, साठ आणि नव्वद अंशांवरचे आकडे लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर ताडायला कामी येतात.

थरथरीचा निकाल वेगळा लावायचा. ज्या वेगाला थरथर येते तिथे वेग स्थिर ठेवा आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेकलाइट लागण्याइतकाच. (रस्ता मोकळा असेल तरच, डाव्या पायाला ब्रेकचा अंदाज नसतो.) ब्रेकचा स्विच लागला की कन्व्हर्टरचा लॉकअप सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली आणि आरपीएम थोडा वर गेला, तर ती लॉकअप क्लचची. थांबली नाही तर मिसफायर, इंजिन माउंट किंवा ड्राइव्हशाफ्ट बघा. एखादा कमजोर इग्निशन कॉइल अगदी अशीच थरथर देतो आणि त्यापायी कन्व्हर्टर बदलले जातात.

लॉकअपची थरथर आणि सी३चा त्रास यांचा संबंध असू शकतो, म्हणून ती किरकोळ समजू नका. ऑइलमधलं घर्षण नियंत्रित करणारं रसायन संपलं की लॉकअप धरण्याऐवजी अडखळत घासतो. त्याच्या अस्तराची पूड ऑइलबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत जाते, सोलेनॉइडच्या बारीक जाळ्यांवर बसते आणि व्हॉल्व्हची भोकं घासते. 'लाइफटाइम ऑइल' या शब्दाने इथेच घात होतो. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

मग गिअरबॉक्सचा खालचा चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते तळाचं भांडं, उघडा. चुंबकांवर राखाडी, मलमासारखा गाळ असणं साहजिक आहे, सव्वा लाखाला तर असणारच. बोटांत चोळल्यावर टोचणारे चकत्यांसारखे तुकडे मात्र नकोत. पितळी रंगाची चमक म्हणजे बुश गेलेत. काळा गाळ तळाशी जाड थराने बसला असेल तर अस्तर. तुकडे आणि जाड काळा थर दोन्ही सापडले, तर पुढच्या तपासणीत वेळ घालवू नका. गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, गॅरेजचं म्हणणं बरोबर होतं.

तसं काही नसेल तर वायरिंग आणि सोलेनॉइड. केसमधून बाहेर येणाऱ्या कनेक्टरमध्ये ऑइल चढलंय का, पिना हिरव्या पडल्यात का ते बघा. बॅटरी आणि गिअरबॉक्सची अर्थ वायर तपासा. सोलेनॉइडचा ओहम मोजा: दाब बदलणारे सोलेनॉइड सहसा पाच ओहमच्या आसपास असतात आणि नुसते चालू-बंद होणारे ११ ते १६ ओहम, वीस अंशांवर. पण ओहम बरोबर आला म्हणजे सोलेनॉइड चांगला, असं समजू नका. कॉइल शाबूत असून आतला दांडा गाळाने अडकलेला असू शकतो. सी३च्या सोलेनॉइडसारखाच सोलेनॉइड दुसऱ्या क्लचलाही असेल तर दोघांची अदलाबदल करून दोष सरकतो का ते बघता येतं. मात्र काही गिअरबॉक्समध्ये प्रत्येक सोलेनॉइडची मापनसंख्या कंट्रोलरमध्ये भरलेली असते, तिथे ही युक्ती फसवते.

लाइन प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारा मुख्य दाब, गेजने मोजाच, आणि तेही गरम ऑइलवर. बहुतेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला डीपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे पंप किंवा मुख्य दाबाचा व्हॉल्व्ह झिजला की पहिली ओरड रिव्हर्सकडून येते आणि आपण उगाच सी३ला दोषी धरतो. रिव्हर्सचा दाब मॅन्युअलच्या आकड्याखाली असेल तर आधी तो दोष काढा.

यानंतरची चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि गॅरेजमध्ये सर्वांत कमी केली जाते. व्हॉल्व्ह बॉडी काढा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यात खोचत जा. बॉडी खाली घेताना आडवी धरा. आतल्या गोळ्या पडल्या तर कोणती कुठली ते शोधत बसावं लागेल. आता केसमध्ये प्रत्येक क्लचचं ऑइल जाणारं भोक उघडं दिसतं. सी३च्या भोकाला रबरी टोकाच्या नळीने कोरडी हवा द्या, रेग्युलेटर तीन-चार बारवर ठेवून. पिस्टन निरोगी असेल तर 'थप्' असा भरीव आवाज येतो आणि हवा सोडली की तो परत बसल्याचा मऊ आवाज. नुसतीच सुरसुर येत राहिली तर सील किंवा ड्रमवरच्या (क्लचच्या प्लेटा बसतात त्या भांड्यावरच्या) सीलिंग रिंगा गेल्या. तोच दाब सी१ला देऊन दोघांची तुलना करा, म्हणजे कानाला फरक कळतो. थोडी गळती चालते, कारण सीलिंग रिंगा हवेला शंभर टक्के अडवत नाहीत.

सी३ने 'थप्' दिला तर गिअरबॉक्स उतरवू नका. दोष तुमच्या हातातल्या व्हॉल्व्ह बॉडीत आहे. सोलेनॉइड बदला, गाळ साफ करा, व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने भोकात सरकतो का ते पाहा. भोक झिजलं असेल तर रीमरने मोठं करून जाड व्हॉल्व्ह बसवतात किंवा बॉडी बदलतात. बोल्ट साधारण दहा-अकरा न्यूटन-मीटरवर, मॅन्युअलच्या क्रमाने. ॲल्युमिनियमची बॉडी वाकडी आवळली की व्हॉल्व्ह अडकतो आणि नवाच त्रास सुरू होतो.

सुरसुर आली तर ओव्हरहॉल. मग एकट्या जळलेल्या प्लेटा बदलून गप्प बसणारा मिस्त्री टाळा. प्लेटा जळतात कारण दाब निसटला. ते कारण राहिलं तर नव्याही जळतील. रबर पिस्टनवरच चिकटवलेलं असेल तर पिस्टन बदलायचा. सीलिंग रिंगा जिथे फिरतात तिथे ड्रमच्या आत नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर ड्रमही. निळे डाग पडलेल्या स्टील प्लेटा परत घालू नयेत. नव्या अस्तराच्या प्लेटा योग्य ऑइलमध्ये किमान वीस मिनिटं, वेळ असेल तर तासभर भिजवा, कोरड्या घातल्या की पहिल्याच वळशाला भाजतात. मग फिलर गेजने मोकळीक मोजा, ती दाबप्लेटच्या किंवा सर्कलिपच्या जाडीने जुळवतात. प्रत्येक क्लच जोडला की पुन्हा हवेची चाचणी.

कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, आतून धुता येत नाही. ऑइल काळं होतं तर तो बदला किंवा कापून पुन्हा बांधून घ्या. कूलर दोन्ही दिशांनी धुवा. धातूचे तुकडे निघाले होते तर नवाच लावा. बसवताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने दोन-तीनदा आत जातो. इंजिनला गिअरबॉक्स टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनला कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीपासून) काही मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट नसताना बोल्ट ओढून गिअरबॉक्स जवळ आणलात, तर पंपाचं चाक तुटतं आणि सगळं काम पुन्हा.

ओव्हरहॉल न लागता ऑइलवर भागत असेल, तर मशिनने दाबाखाली फ्लश करू नका. चेंबरमधून एका वेळी निम्मंच ऑइल निघतं, सातापैकी साधारण साडेतीन लिटर. तीनदा काढून भरलं तर पन्नास, पंचाहत्तर आणि मग साडेसत्याऐंशी टक्के नवं होतं. प्रत्येक वेळी मधे काही दिवस गाडी चालवा आणि जेवढं निघालं तेवढं मोजून भरा. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्याच प्रकारचं. 'सगळ्यांना चालतं' असं डब्यावर लिहिलेलं ऑइल लॉकअपच्या थरथरीवर वापरू नका. जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतो, म्हणजे बंद पडतो, ही समजूत अर्धवट आहे. बसणारा गिअरबॉक्स आधीच घसरत असतो, आणि पुष्कळदा पातळी चुकीची भरलेली असते.

शेवटी कंट्रोलरमधली शिकलेली मूल्यं, म्हणजे प्रत्येक क्लच कसा दाबायचा याचे त्याने स्वतः जुळवत नेलेले आकडे. पुसण्याआधी त्यांचा फोटो घ्या. सी३चं मूल्य टोकाला जाऊन अडकलेलं आणि बाकीची मधे असतील तर तो आणखी एक पुरावा. व्हॉल्व्ह बॉडी, क्लच किंवा कन्व्हर्टरला हात लावला असेल तर ती पुसून पुन्हा शिकवावीच लागतात, नाहीतर चांगला गिअरबॉक्सही झटके देतो. काही गाड्यांत हे स्कॅनरने उभ्या-उभ्या होतं, काहींत ठरावीक तापमानात हलक्या ॲक्सिलरेटरवर सगळे गिअर पंधरा-वीस वेळा वर-खाली न्यावे लागतात. काहीच दुरुस्त न करता नुसती मूल्यं पुसली तर गाडी आठवडाभर बरी वाटते, मग पुन्हा पहिल्यावर. 'रिसेट मारून दिलंय' असं कोणी म्हणालं तर आधी काय बदललं ते विचारा.

दुरुस्तीनंतर नव्वद अंशांवर रिव्हर्स लागायचा वेळ पुन्हा घड्याळाने मोजा आणि तिसऱ्यात टर्बाइन-आउटपुटचा भागाकार तपासा. हजार किलोमीटरनंतर लेव्हल प्लगमधून चमचाभर ऑइल काढून कागदावर टाका. ते पहिल्या दिवसाच्या रंगापेक्षा काळं दिसलं तर चेंबर लगेच उघडा.